कमानीवरचं नाव



मागच्या महिन्यात उत्सवाच्या तयारीची बैठक झाली तेव्हा एक प्रश्न निघाला होता. बेळगावातल्या बऱ्याच जणांना तो माहीत आहे. बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. एका गृहस्थांनी निरोप पाठवला होता की तीन दिवसांच्या महाप्रसादाचा आणि मंडपाचा सगळा खर्च मी करतो. माणूस भाविक, दर गुरुवारी न चुकता आरतीला येणारा. अट एकच होती. प्रवेशद्वाराच्या कमानीवर ते ज्या मालाचे एजंट आहेत त्या वेलचीचं नाव मोठ्या अक्षरांत यावं. वेलची म्हणजे काय ते आपल्याला कळतं. त्याच नावाचा पानमसाला असतो आणि त्याच्याच शेजारी, त्याच रंगाच्या पुडीत तंबाखू लटकत असते. दोन्ही एकत्र केलं की गुटखा.

बैठकीत दोन बाजू पडल्या. काहीजण म्हणाले, "लक्ष्मी आहे, येऊ दे की. अन्नदानालाच लागणार." काहीजण म्हणाले, "शोभतं का?" मला कुणीतरी विचारलं, "काकू, तुमचं काय मत?" मी सेवेत अठरा वर्षं आहे, बोलण्यात मागे राहणारी नाही. पण त्या दिवशी मी काही बोलले नाही. "पुढच्या बैठकीत बघू," एवढंच म्हटलं.

का बोलले नाही, ते आज लिहिते आहे. लिहिताना जरा अवघड वाटतंय. पण महाराजांसमोर लपवत नाही, तर तुमच्यापासून काय लपवायचं?

माझं माहेर निपाणी. आमच्या आप्पांची तंबाखूची वखार होती. ज्यांना निपाणी माहीत आहे त्यांना तो वास सांगायला नको. पावसाळा संपला की गावभर तो उग्र, कोरडा वास असायचा. आम्हाला तो वास म्हणजे घर वाटायचा. वखारीत बायका पान कुटायच्या, चाळायच्या, तोंडाला पदर बांधून. संध्याकाळी बाहेर पडायच्या तेव्हा भुवयांपर्यंत तपकिरी झालेल्या असायच्या. खोकायच्या. मी लहान होते, मला वाटायचं बायका खोकतातच.

१९८१ साली तंबाखूच्या शेतकऱ्यांचं आंदोलन झालं ते मला आठवतं. शरद जोशी आले होते, शेतकरी हमरस्त्यावर बसले होते, पुणे-बेंगळूर रस्ता कितीतरी दिवस बंद होता. शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. त्यांची मागणी साधी होती, आमच्या पानाला भाव द्या. म्हणजे बघा, पिकवणाऱ्याच्या हाती काही नाही, कुटणारीच्या हाती काही नाही. पैसा कुठे जात होता? काही थोडा आमच्या घरात येत होता. त्या पैशावर मी हॉस्टेलला राहून बी. ए. झाले. माझं लग्न झालं. अंगावर दागिने आले. कमानीला नाही म्हणायला तोंड उघडलं तर पहिला प्रश्न मलाच विचारायला हवा होता, म्हणून मी गप्प बसले.

दुसरं कारण आमचा दादा.

दादा वखारीत बसायचा, पण तंबाखू खात नव्हता. आप्पांची सक्त ताकीद होती. विकायची, खायची नाही! दादाची सुरुवात झाली ती गोड सुपारीने. कुठल्याशा लग्नात जेवण झाल्यावर ताटलीत चकचकीत पुड्या ठेवल्या होत्या. बडीशेपेसारखंच काहीतरी, असं सगळ्यांना वाटायचं. मग रोज एक, मग दहा. मग कधीतरी त्यात तंबाखू आली. चाळिशी उलटली तेव्हा त्याचं तोंड पूर्ण उघडेना. जेवताना भाकरीचा घास बारीक करून आत सरकवायचा. आम्ही हसायचो. पन्नाशीला गालात जखम झाली, ती बरी होईना. मग ऑपरेशन, अर्धा जबडा काढला, मग किरणं. शेवटचं दीड वर्ष नळीतून पेज.

त्या दीड वर्षात मी त्याला भेटायला जायची ती उपदेश करायला. खोटं कशाला सांगू! "दादा, तुला मनावर ताबा नाही. एवढी वर्षं सत्संगाला येतोस, जिभेवर संयम ठेवता आला नाही?" बोलता येत नसल्याने तो पाटीवर लिहायचा. एकदा लिहिलं, "माझंच चुकलं." मला त्या वेळी बरं वाटलं. माणसाला उपरती झाली म्हणून.

दादा गेल्यावर त्याची मुलगी, माझी भाची, दातांची डॉक्टर आहे ती, मला म्हणाली, "आत्या, बाबांना सगळ्यांनी एकच विचारलं, का खाल्लंस? ती पुडी दोन रुपयांत कोपऱ्याकोपऱ्यावर कुणी आणून ठेवली, ती औषधासारखी गोंडस कुणी केली, हे एकानेही विचारलं नाही. तुम्ही पण नाही." मला राग आला. पोरगी दुःखात आहे म्हणून गप्प राहिले. पण शब्द आत राहिला. नंतर तिच्याकडूनच मी एकेक गोष्ट समजून घेतली, थोडं स्वतः वाचलं. ते तुमच्यासमोर ठेवते.

पहिली गोष्ट, सुपारी हीच मुळात निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे, तिने २००४ सालीच नुसत्या सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तोंड उघडेनासं होणं हा सुपारीचाच आजार. म्हणजे आम्ही हसत होतो तेव्हा आजार सुरू झालेला होता. "यात तंबाखू नाही हो" हे वाक्य मी स्वतः पाहुण्यांना तबक पुढे करताना किती वेळा म्हटलं असेल!

दुसरी गोष्ट मोठी आहे. सिगारेटने फुफ्फुसाचा कर्करोग होतो हे १९५० मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आकड्यांनिशी दाखवलं. कंपन्यांनी काय करावं? डिसेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलात तिथल्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख एकत्र बसले, प्रसिद्धीचं काम करणारी एक संस्था नेमली आणि ४ जानेवारी १९५४ ला चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत एक निवेदन छापलं. भाषा फार गोड होती. ग्राहकांचं आरोग्य हीच आमची पहिली जबाबदारी, आम्ही संशोधनाला पैसे देऊ, अजून काही सिद्ध झालेलं नाही. पुढे चाळीस वर्षं हेच चाललं. १९६९ च्या एका कंपनीच्या आतल्या टिपणात तर स्पष्ट लिहिलं होतं की शंका हाच आपला माल आहे. सिगारेट नव्हे, शंका! लोकांच्या मनात "नक्की काय ते माहीत नाही बुवा" एवढं राहिलं की पुरे. १९९४ साली सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे शपथेवर म्हणाले की निकोटीनची सवय लागते असं आम्हाला वाटत नाही. नंतर खटले झाले, १९९८ च्या तडजोडीत कपाटातली कागदपत्रं बाहेर आली, आणि आत काय काय माहीत होतं ते जगाने वाचलं.

तिसरी गोष्ट वाचून मी हादरले, कारण ती स्वयंपाकघरातली आहे. आमच्या यजमानांना मधुमेह आहे, त्यामुळे साखर हा शब्द आमच्या घरी रोजचा. १९६० च्या दशकात हृदयविकार वाढत होता आणि साखरेवरही बोट दाखवलं जात होतं. १९६५ साली अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना साडेसहा हजार डॉलर देऊन एक आढावा लिहून घेतला. १९६७ मध्ये तो अतिशय मानाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. साखरेचा दोष हलका केला होता आणि सगळा भर चरबीवर दिला होता. पैसे कुणी दिले ते कुठेही छापलं नव्हतं. ही गोष्ट उजेडात आली २०१६ साली, जवळजवळ पन्नास वर्षांनी. चरबी निर्दोष होती असा याचा अर्थ नाही. तूप-वनस्पतीचा अतिरेक वाईटच. पण दोन आरोपींपैकी एकाने पंचाला पाकीट दिलं होतं, एवढं खरं.

अगदी अलीकडची गोष्ट. २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की कोका-कोलाच्या पैशावर शास्त्रज्ञांची एक संस्था उभी राहिली होती. तिचा सांगावा असा, की लठ्ठपणाचं खरं कारण खाणं-पिणं नव्हे, व्यायामाचा आळस. वर्तमानपत्रात बातमी आली आणि वर्ष संपायच्या आत ती संस्था बंद झाली.

आता माझ्या उपदेशाकडे परत येते. "व्यायाम कर", "मनावर ताबा ठेव", "कुणी जबरदस्ती केली का?" ही वाक्यं मी दादाला म्हणत होते, यजमानांना म्हणत होते. आणि कंपन्या हीच वाक्यं जगाला ऐकवत होत्या! मला वाटत होतं मी धर्म बोलते आहे. प्रत्यक्षात मी त्यांचं काम फुकटात करत होते. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

मग संयम खोटा का? नाही. संयमाशिवाय साधना नाही, हे आपण सगळे जाणतो. पण मी विचार केला, आपण षड्रिपू म्हणतो, त्यांत मोह आहे तसा लोभही आहे. पुडी उघडणाऱ्याचा तो मोह. आणि ती पुडी शाळेच्या कोपऱ्यावर टांगणाऱ्याचा, तिच्यावर नटाचा फोटो छापणाऱ्याचा, तपासणी लांबवणाऱ्याचा तो लोभ. दोघेही रिपूच. पण इतक्या वर्षांत आपण प्रवचनं ऐकली, दिली, ती सगळी मोहावर. जो गरीब, आजारी, समोर बसलेला आहे त्याच्या मोहावर बोलणं सोपं असतं. लोभ समोर बसत नाही. बसला तरी पहिल्या रांगेत, हार घालून बसतो.

आमच्याकडे वेदगंगेला पूर येतो. वरून पाणी सुटलं, रस्ता बुडाला, माणूस वाहून चालला, आणि आपण काठावर उभं राहून म्हणतो, "पोहायला शिकायला नको होतं का?" शिकायला हवं होतंच. पण आधी दोर टाका, आणि वर पाणी कोण सोडतंय तेही बघा.

पाणी कसं सोडलं जातं ते बघायला अमेरिकेला जायला नको. आपल्याच देशातलं सांगते. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने अधिसूचना काढली की तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रासह इशाऱ्याने व्यापलेला हवा. १ एप्रिल २०१५ पासून अंमल व्हायचा होता. तो लांबला. संसदेची एक समिती विषय तपासत होती, आणि त्या समितीतले एक खासदार स्वतः बिडी उद्योजक होते. तंबाखूने कर्करोग होतो असा भारतातला अभ्यास कुठे आहे, असाही प्रश्न समितीच्या प्रमुखांनी विचारला. समितीचं म्हणणं पडलं की ८५ नको, ५० टक्के पुरे. तरीही डॉक्टर, रुग्ण, त्यांच्या घरच्या बायका यांनी आवाज उठवत ठेवला आणि १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू झाला. मग खटला. डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम रद्द ठरवला, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. एका चित्रासाठी इतकी वर्षं! ज्या चित्राने कुणी खायचं थांबतच नाही, त्या चित्राला कंपन्या इतक्या का भितात, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

गुटख्याचंही तसंच. अन्नपदार्थात तंबाखू-निकोटीन मिसळायचं नाही, हा नियम २०११ चा. त्याच्या आधारावर २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने सर्वांत आधी बंदी घातली, मग महाराष्ट्राने, २०१३ मध्ये कर्नाटकाने. गोव्याने तर त्याच्याही आधी घातली होती. झालं काय? एका पुडीच्या दोन पुड्या झाल्या. मसाला वेगळा, तंबाखू वेगळी, मिसळायचं काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर. आणि २००३ च्या कायद्याने तंबाखूची जाहिरात बंद, म्हणून जाहिरात वेलचीची. आमच्या कमानीवर येणार होती तीच वेलची.

सरकारचाही पाय दोन दगडांवर आहे. एका खात्याने तंबाखू सोडा म्हणायचं, आणि व्यापार खात्याखाली तंबाखूचा व्यापार वाढवायला १९७६ पासून टोबॅको बोर्ड. देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे पंधरा टक्क्यांच्या आसपास शेअर आपल्या एलआयसीकडे. म्हणजे आपल्या विम्याच्या हप्त्याचा धूरही त्यात आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर वेगळा सेस बसला, बिडीवर बसला नाही. कारण सांगितलं जातं गरीब बिडी कामगार बायकांचं. मी त्या बायकांच्या मांडीवर वाढलेली मुलगी आहे. त्यांच्या नावाने सवलत आली, त्यांच्या हातात काय आलं ते मला विचारा. हजार बिड्यांची मजुरी आणि छातीचा खोकला. त्यांची काळजी असेल तर त्यांना दुसरं काम द्यावं, मुलांना शिकवावं. त्यांना ढाल करू नये.

खाण्याच्या पदार्थांतही तेच चालू आहे. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि प्रमाण सर्वांत जास्त कुठे, तर गोव्यात, २६.४ टक्के. फोंडा-म्हापशाच्या गुरुबंधूंनी जरा लक्ष द्यावं. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. त्यांनी २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला आणि अशा पाकिटांवरची कार्टूनं काढायला लावली. पुढच्या दीडेक वर्षात गोड पेयांची खरेदी जवळजवळ चौथ्या हिश्श्याने उतरली. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा आला तो इशाऱ्याचा नाही, ताऱ्यांचा! अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे. साखर भरपूर असली तरी थोडे दाणे-कडधान्य-तंतू घातले की गुण वाढायचे. धोरण ठरवायच्या बैठकांत कंपन्यांचे प्रतिनिधीही होते. मला सांगा, घरात उंदरांचा बंदोबस्त करायचा तर मसलतीला उंदीर बोलवतात का? तंबाखूच्या बाबतीत तर जगातल्या देशांनी करारच केला आहे, भारताने त्यावर २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्यात कलम ५.३ आहे की आरोग्याचं धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून वाचवायचं. अन्नाच्या बाबतीत एवढंही नाही.

इथे एक सावधगिरीही सांगते. आपल्या ग्रुपवर रोज काहीतरी फॉरवर्ड येतं. अमुक पेयात कीटकनाशक, अमुक बिस्किटात हाडांची भुकटी, तमुक कंपनीला शिक्षा. हे पुढे पाठवू नका. खोट्या गोष्टीने कंपनीचं काही बिघडत नाही. उलट खरं बोलणाराही वेडा ठरतो. शंका हाच माल, हे आठवा. तो माल आपण आपल्याच फोनवरून फुकट वाटायचा नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं तेच वाचा, तेवढं पुरे आहे. शंभर ग्रॅममध्ये साखर किती? चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चमचा. नातवंडांना चमचे मोजून दाखवा. आणि गूळ म्हणजेही साखरच, हे मधुमेही माणसाची बायको म्हणून सांगते. रागावू नका.

आता माझ्या मूळ अडचणीकडे. आप्पांच्या पैशावर शिकलेली मी, त्या गृहस्थांचा पैसा वाईट कोणत्या तोंडाने म्हणणार? पैसा धुऊन बघायला लागलो तर कुणाचाच स्वच्छ निघणार नाही. उसाचा पैसा, दारूच्या लायसनचा पैसा, व्याजाचा पैसा, सगळा देवळात येतोच. मी बरेच दिवस अडकले होते.

मग एक दिवस आरतीचं तबक घासताना मला वाटलं, प्रश्न पैसा कुठून आला एवढाच नाही. पैसा काय मागतो, हा प्रश्न आहे. तबकात नाणं पडतं तेव्हा ते काही मागत नाही. कुणी टाकलं तेही कळत नाही. ते दान. साखर संस्थेने हार्वर्डला दिले ते पैसे मात्र काहीतरी मागत होते, की निकाल असा लिहा. व्यायामवाल्या संस्थेला दिलेले मागत होते, की लोकांचं लक्ष तिकडे वळवा. कमानीचे पैसेही मागत होते. आपल्या पोराबाळांनी ते नाव डोक्यावर घेऊन महाराजांच्या दारातून आत यावं. इथे येतंय म्हणजे चांगलंच असणार, असं त्यांना वाटावं. ते आपलं नाव मागत होते, आपला विश्वास मागत होते. तो विश्वास आपला नाहीच, महाराजांचा आहे. तो विकायचा अधिकार समितीला कुणी दिला?

जे मागतं ते दान नव्हे, जाहिरात आहे. एवढी साधी कसोटी मला कळायला दादा जावा लागला.

दुसऱ्या बैठकीत मी बोलले. वखारीपासून सगळं सांगितलं. आवाज थोडा कापत होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. दोघेजण अजूनही म्हणतात की काकूंनी भावनेच्या भरात उत्सवाचं नुकसान केलं. त्यांचंही ऐकायला हवं, कारण खर्चाची तोंडमिळवणी खरंच अवघड झाली. तीन दिवसांचा महाप्रसाद एक दिवसाचा झाला. त्या गृहस्थांना मी आणि माझे यजमान घरी जाऊन भेटलो. मी म्हटलं, "भाऊ, तुमची सेवा हवी आहे, मालाचं नाव नको. तांदूळ द्या, गुप्तपणे द्या." ते जरा वेळ गप्प बसले. चहा झाला. म्हणाले, "वैनी, माझ्या मुलाला मी हा माल हातात धरू देत नाही." अगदी आप्पांचंच वाक्य! विकायचं, खायचं नाही. मला काय बोलावं कळेना. त्यांनी तांदूळ पाठवला की नाही ते मी सांगणार नाही, कारण तो पाठवला असेल तर गुप्त आहे.

त्यांचा मला राग येत नाही. आप्पांचाही येत नाही. पण आप्पांना स्वतःच्या मुलासाठी जे कळत होतं, ते दुसऱ्याच्या मुलासाठी कळत नव्हतं का? कळत होतं. लोभ माणसाला आंधळा करत नाही, एक डोळा झाकतो फक्त. महाराज आपल्याला दुसरा डोळा उघडायला सांगतात, असं मी समजते.

आपण काय करायचं? मोठं काही नाही. लग्नात, बारशात तबकात सुपारीच्या पुड्या ठेवायच्या नाहीत, बडीशेप ठेवावी. संस्कार वर्गातल्या मुलांना कुणी कंपनीच्या नावाची पाकिटं, टोप्या, पट्ट्या फुकट देतो म्हणालं तर नम्रपणे नको म्हणावं. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे. टपरी दिसली तर मुख्याध्यापकांना चार पालकांनी मिळून अर्ज द्यावा. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला एकदा तरी विचारावं, पाकिटावर ठळक इशारा कधी येणार? आणि घरात कुणी आजारी असेल, मधुमेह, रक्तदाब, तोंडाचा आजार, तर त्याला आधी "का खाल्लंस" विचारू नये. आधी जवळ बसावं. संयम हा आरशासमोर उभं राहून स्वतःला विचारायचा प्रश्न आहे. दुसऱ्याला मारायचा दगड नव्हे.

दादाच्या पाटीवर "माझंच चुकलं" लिहिलं होतं. मी तेव्हा मान हलवली होती. आज ती पाटी माझ्या हातात असती तर त्याखाली लिहिलं असतं, "तुझं एकट्याचं नाही रे, दादा." ते सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगते आहे.

काही कमी-जास्त लिहिलं असेल तर सांभाळून घ्यावे.

आपली एक गुरुभगिनी,
बेळगाव